पाहुण्याचा धर्म

यजमानाच्या धर्माविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले आहे. दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये, हे आपण आजीच्या तोंडून ऐकले, चर्चमधील प्रवचनांतून ऐकले. आणि भर उन्हात तंबूच्या दारातून उठून तीन अनोळखी वाटसरूंना सामोरा धावणारा अब्राहाम धर्मशिक्षणाच्या वर्गात आपल्या मनावर कायमचा कोरला गेला. परंतु पाहुण्यालाही काही धर्म असतो काय? ज्याच्या हाती परतफेडीसाठी काही नाही, ज्याला त्या घरची भाषा येत नाही आणि जो दोन दिवसांसाठी नव्हे तर वर्षभरासाठी आला आहे, त्याने त्या घरात कसे राहावे? काय मुकाट्याने स्वीकारावे, कशापुढे मान लववावी, आणि कोठे नम्रपणे परंतु ठामपणे नकार द्यावा? वरकरणी हा प्रश्न शिष्टाचाराचा वाटतो. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे श्रद्धेचाही आहे.

हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला सर्वांत उघडपणे येतो ती मोठी माणसे नाहीत, पंधरा ते अठरा वर्षांची मुले आहेत. विद्यार्थी-विनिमयाच्या योजनांतून दरवर्षी हजारो मुलेमुली परक्या देशात जातात, तेथील एखाद्या कुटुंबात राहतात व तेथल्याच शाळेत शिकतात. अशा योजना चालवणाऱ्या जुन्या संस्थांपैकी एक म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस. तिचा जन्म रणांगणावर झाला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरील जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेणारे स्वयंसेवक हे तिचे पहिले सभासद. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी तेच काम केले. युद्ध संपल्यावर मात्र, जखमी उचलण्यापेक्षा जखमा होऊच नयेत म्हणून काही करावे, या विचाराने १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांची देवाणघेवाण सुरू केली. १९५४ मध्ये जपान या योजनेत सामील झाला. हिरोशिमा व नागासाकी भस्मसात होऊन तेव्हा अवघी नऊ वर्षे झाली होती, आणि जपानी मुले अमेरिकन कुटुंबांच्या जेवणाच्या मेजावर बसू लागली. पुढे जपानी घरांची दारेही जगभरच्या मुलांसाठी उघडली. या योजनेत मुलाला ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही. त्यामुळे ते मूल त्या घरात भाडेकरू नसते, नोकर नसते. ते खऱ्या अर्थाने पाहुणे असते.

अशी १६ वर्षांची एक कॅथलिक मुलगी आपण डोळ्यांसमोर आणू या. ती मनिलाची असेल, मेक्सिकोची असेल, कदाचित आपल्या वसईचीही असेल. जपानमधील एखाद्या मध्यम शहरातल्या घरी ती प्रथमच पाऊल टाकते, आणि पहिला धडा उंबरठ्यावरच सुरू होतो. 'गेनकान' नावाच्या त्या खोलगट जागेत बूट काढायचे, त्यांची टोके दाराकडे वळवून ठेवायची, मग सपाता घालून आत जायचे. चटयांच्या खोलीत सपाताही चालत नाहीत. शौचालयासाठी सपाता निराळ्या. रात्री स्नानाची वेळ येते. टबाबाहेर बसून अंग घासून स्वच्छ धुवायचे, आणि मगच गरम पाण्यात शिरायचे. कारण त्याच पाण्यात घरातील सर्वजण एकामागून एक बसणार असतात. न सांगता टबाचे बूच काढून पाणी सोडून देणारी नवखी मुलगी साऱ्या घराची आंघोळ वाहून घालवते. जेवणाआधी सगळे हात जोडून 'इतादाकिमास' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ 'मी हे नम्रतेने स्वीकारते' असा आहे. घराबाहेरून आल्यावर 'तादाइमा', म्हणजे 'आत्ता आले', असे म्हणायचे, आणि आतून कोणीतरी 'ओकाएरी', म्हणजे 'आलीस परत', असे उत्तर द्यायचे. ज्या दिवशी हे उत्तर प्रथमच तिच्यासाठी आतून येते, त्या दिवशी ती त्या घरची होऊ लागते.

शाळेत याहून कठीण परीक्षा असते. दैनंदिन वापरासाठी जपान सरकारने २०१० साली ठरवलेल्या यादीत २,१३६ चिनी चित्राक्षरे आहेत, आणि त्यांच्या जोडीला जपानी ध्वनिलिपी आणखी दोन. आपल्या गावी वर्गात पहिली येणारी ही मुलगी तेथे फळ्यावरचे एक वाक्य धड वाचू शकत नाही. वक्तृत्वस्पर्धेत बक्षिसे मिळवणारीला पाणी मागण्यासाठी शब्द शोधावा लागतो. शाळा सुटण्याच्या सुमारास मुले स्वतःच झाडू व फडकी घेऊन वर्ग पुसतात, तेव्हा ती त्यांच्याबरोबर गुडघे टेकून फरशी पुसते, आणि तेवढेच एक काम आज आपल्याला नीट जमले असे तिला वाटते. शेजारी बसणारी मैत्रीण अवघड अक्षरांवर बारीक ध्वनिलिपीत त्यांचा उच्चार लिहून वही तिच्यापुढे सरकवते. ती वही घेताना तिच्या मनात कृतज्ञता असते, आणि थोडीशी शरमही असते.

या शरमेपाशी आपण थोडे थांबले पाहिजे, कारण पाहुण्याच्या धर्माचे मूळ येथे आहे. देणे सोपे आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. परंतु देणाऱ्याचा हात नेहमी वर असतो आणि घेणाऱ्याचा खाली. जो सदैव देतच राहतो त्याला आपल्या सद्‌गुणाचा अहंकार जडण्याचा धोका असतो. घेण्यासाठी आधी आपली उणीव मान्य करावी लागते. प्रभू येशूने आपल्या शिष्यांना गावोगावी पाठवले तेव्हा थैली आणि झोळीसुद्धा बरोबर घेऊ नका, ज्या घरात जाल तेथे पुढ्यात वाढतील ते खा, असे बजावले. सुवार्ता देण्यासाठी निघालेल्यांना त्याने आधी याचक केले, परक्यांच्या ओसरीवर बसवले. तो स्वतःही असाच जगला. मार्थेच्या घरी तो जेवला, जक्कयाच्या घरी त्याने आपण होऊन मुक्काम मागितला, आणि विहिरीपाशी शमरोनी स्त्रीशी त्याचे संभाषण सुरू झाले ते उपदेशाने नव्हे, पाणी मागण्याने. आपली तहान सांगितल्याशिवाय तिच्या तहानेची गोष्ट त्याने काढली नाही.

परदेशगमनाकडे आपली कुटुंबे एरवी वेगळ्या दृष्टीने पाहतात. आपली माणसे बोटीवर गेली, आखातात गेली. त्यांनी घाम गाळला, पैसे पाठवले, घरे बांधली, बहिणींची लग्ने केली. त्या कष्टांबद्दल आम्हांला आदरच आहे. पण त्यामुळे परदेशातून परतलेल्याला 'काय आणलेस?' हाच प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला लागली. विनिमय-विद्यार्थ्याने या प्रश्नाला काय उत्तर द्यावे? पगार नाही, पदवीही नाही. तो आणतो ते ऋण. एका परक्या आईने वर्षभर पहाटे उठून भरलेल्या जेवणाच्या डब्यांचे ऋण, आणि ते तिचे तिला कधीच फेडता येणार नाही ही जाणीव. असे न फिटणारे ऋण ज्याच्या मनात आहे, तो पुढे आपल्या दारी आलेल्या परक्याकडे निराळ्या डोळ्यांनी पाहतो.

या अनुभवाचा आपल्या मातीशी असलेला संबंध फार जुना आहे. सुमारे १५५७ साली वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया पंधराव्या वर्षाच्या आसपास येशूसंघीयांबरोबर जपानला गेला. त्याच वयात जपानी मुलांमध्ये, जपानी घरांत, त्यांची भाषा त्याने आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून काम केले. येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्याची इच्छा पूर्ण झाली नाही. तो मकावला जाऊन व्यापारी झाला, पुढे मनिलात फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाला, आणि १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषा म्हणून पुन्हा जपानला आला. हिदेयोशीसारख्या सत्ताधीशापुढे त्या परक्या व्रतस्थांच्या वतीने तो बोलला. किशोरवयात पाहुणा म्हणून शिकलेली भाषाच त्याची सेवा ठरली आणि तीच त्याला क्रुसापर्यंत घेऊन गेली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले. त्यांत २० जपानी होते, आणि त्यांच्यात बारा ते चौदा वर्षांची तीन मुले होती. वसईचा गोन्सालो त्यांच्यामध्ये परका राहिला नव्हता. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले, ते त्या साऱ्यांच्या सोबतच.

उलट दिशेनेही एक प्रवास झाला, आणि तो गोव्यावरून झाला. फेब्रुवारी १५८२ मध्ये तेरा-चौदा वर्षांची चार जपानी मुले नागासाकीहून युरोपला निघाली: इतो मान्सियो, चिजिवा मिगेल, नाकाउरा जुलियान आणि हारा मार्टिनो. मकाव, मलाक्का, कोचीन व गोवा असा मुक्काम करीत ती लिस्बनला पोहोचली. १५८५ च्या मार्चमध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी त्यांचे स्वागत केले. परतताना १५८७ साली हारा मार्टिनोने गोव्यात लॅटिन भाषेत भाषण केले. १५९० मध्ये ते मायदेशी पोहोचले तेव्हा ती मुले राहिली नव्हती, तरुण झाली होती. या प्रवासाची योजना करणारे येशूसंघीय आलेस्सांद्रो वालिन्यानो हे जपानी रीतिरिवाजांचा आदर करणारे, दूरदृष्टीचे पुरुष होते. तरीही त्यांनी अशी सूचना दिली होती की, युरोपात या मुलांना सदैव सोबत असावी आणि केवळ चांगलेच त्यांच्या दृष्टीस पडावे. हेतू शुद्ध असेल. परंतु ज्याला फक्त दिवाणखाना दाखवला त्याला घर दाखवले असे म्हणता येत नाही. आजची आपली ती मुलगी या बाबतीत अधिक भाग्यवान आहे. वडील रात्री उशिरा थकून येतात, आजीचे पाय दुखतात, बहिणीबहिणींचे भांडण होते, हे सारे तिला दिसते. उणिवांसकट ओळख झाल्यावर जी माया उरते तीच टिकते.

त्या चौघांचे पुढे काय झाले हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. चौघेही येशूसंघात दाखल झाले. मान्सियो धर्मगुरू होऊन १६१२ साली नागासाकीत वारला. मार्टिनो हद्दपार होऊन मकावला मरण पावला. जुलियानने लपूनछपून धर्मसेवा केली आणि १६३३ साली छळ सोसून हौतात्म्य पत्करले. २००८ साली त्याला धन्य घोषित करण्यात आले. मिगेलने मात्र संघ सोडला, आणि त्याने श्रद्धाही सोडली असे मानले जाते. एकाच जहाजातून गेलेली, एकाच पोपच्या चरणांशी वाकलेली चार मुले, आणि त्यांचे मार्ग असे वेगळे झाले. परदेशाचा अनुभव आपोआप माणूस घडवत नाही, आणि आपोआप बिघडवतही नाही. त्या अनुभवाला आपण आतून काय उत्तर देतो, यावर सारे अवलंबून असते.

आता त्या कठीण प्रश्नाकडे वळू, जो आईवडिलांच्या मनात सर्वांत आधी येतो. ऑगस्टच्या मध्यावर जपानमध्ये बहुतेक ठिकाणी 'ओबोन' पाळतात. पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी त्यामागची भावना. अनेक घरांत 'बुत्सुदान' नावाचे लहानसे बौद्ध देवघर असते. त्यात बुद्धाची प्रतिमा, पूर्वजांच्या नावांच्या पाट्या, जवळ दिवंगत आजोबांचे छायाचित्र, पुढे ताजा भात आणि पाणी. आजी उदबत्ती लावते, लहानशी घंटा वाजवते, हात जोडते, आणि मग मागे वळून त्या मुलीकडे पाहते. ती काही मागत नाही. पण जागा करून देते. मुलीला पहिली आज्ञा तोंडपाठ आहे. तिने काय करावे?

दोन उत्तरे चटकन सुचतात. 'ज्या गावी जावे त्या गावची रीत करावी, विचार कशाला करायचा?' हे एक. 'आपला देव एकच, तेथून उठून जावे' हे दुसरे. पहिल्या उत्तरात पाहुणी स्वतःला विसरते, दुसऱ्यात ती आजीला विसरते. पवित्र शास्त्र याहून अधिक सूक्ष्म आहे. बाबेलला नेलेला दानीएल आणि त्याचे सोबती हेही परक्या दरबारात शिकणारे तरुणच होते. खास्द्यांची भाषा व विद्या त्यांनी तीन वर्षे मन लावून शिकली, परकी नावेही घेतली. पण राजाच्या ताटातील अन्नाने स्वतःला विटाळणार नाही हे त्यांनी ठरवले, आणि तेही कारभाऱ्याला विनंती करून, दहा दिवसांची परीक्षा देऊन. पुढे सोन्याच्या मूर्तीपुढे दंडवत घालण्याची आज्ञा झाली तेव्हा दानीएलाच्या त्या तीन सोबत्यांनी मरण समोर दिसत असताही नकार दिला. दुसरीकडे अरामी सेनापती नामान आहे. इस्राएलच्या देवावर विश्वास ठेवल्यावर तो अलीशाला विचारतो, माझा राजा रिम्मोनच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची क्षमा होईल काय? अलीशा त्याला व्याख्यान देत नाही. शांतीने जा, एवढेच म्हणतो. संत पौलही करिंथकरांना लिहितो त्याचा आशय असा की, पुढ्यात आलेले खा, शंका काढीत बसू नका. मात्र हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. शारीरिक क्रिया एकच असते. तिला अर्थ कोण देतो, हे पाहावे लागते.

ख्रिस्तसभेलाही या प्रश्नाने शतकानुशतके छळले आहे. १६५९ साली रोमच्या धर्मप्रसार संघाने आशियात जाणाऱ्या धर्मप्रांतपालांना बजावले होते की, जे रिवाज श्रद्धेला व नीतीला उघड विरोधी नाहीत ते लोकांना बदलायला लावू नयेत. तरीही चीनमधील पूर्वजवंदनाचा वाद पेटला, आणि १७४२ साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ते विधी ख्रिस्ती लोकांना पूर्णपणे वर्ज्य केले. १९३९ साली पोप पायस बारावे यांच्या काळात ती बंदी मोठ्या अंशी उठली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे जाहीर केले. जपानमधील बिशपांच्या समितीने १९८५ साली पूर्वजांविषयी व मृतांविषयी श्रद्धावंतांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. बौद्ध नातलगाच्या देवघरापुढे आदराने वंदन करण्यास तीत आडकाठी केलेली नाही. आज जपानी चर्चमध्ये मिस्साबलीच्या वेळी शांतीची खूण म्हणून लोक एकमेकांना वाकून वंदन करतात, आणि वेदीपुढे गुडघा टेकण्याऐवजी कमरेतून वाकतात. आपल्याकडेही १९६९ साली रोमने मान्य केलेल्या बारा मुद्द्यांनुसार हात जोडून वाकणे गुडघा टेकण्याच्या जागी आले. म्हणजे वाकणे ही मुळात एक भाषा आहे. त्या भाषेत कोणते वाक्य बोलले जाते ते महत्त्वाचे.

परंतु याच जपानने त्या भाषेचे दुसरे, भयंकर रूपही पाहिले आहे. सतराव्या शतकात ख्रिस्ती लोकांना हुडकण्यासाठी प्रभूच्या वा पवित्र मातेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. पाय ठेवणे ही क्षुल्लक क्रिया. पण 'मी ख्रिस्ताला नाकारतो' हा तिचा अर्थ राजसत्तेने आधीच ठरवून टाकला होता. १९३२ साली टोकियोतील सोफिया विद्यापीठाच्या काही कॅथलिक विद्यार्थ्यांनी यासुकुनी येथे सैनिकांच्या स्मारकमंदिरात वंदन करण्याचे टाळले, तेव्हा सैन्य खवळले. १९३६ साली, हे वंदन केवळ देशप्रेमाचे व नागरी आहे या सरकारी ग्वाहीवर रोमने त्याला मुभा दिली. त्या ग्वाहीच्या पाठीमागे लष्करी सत्तेचा केवढा दबाव होता हे आज आपण जाणतो. मायेने लववलेली मान आणि धाकाने लववलेली मान बाहेरून सारखीच दिसते.

म्हणून त्या मुलीने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे आम्हांला वाटते. हे घर या कृतीला कोणता अर्थ देते? ती मी मोकळ्या मनाने करते आहे, की भीतीने किंवा सर्वांत मिसळून जाण्याच्या हौसेने? आणि मी जे केले त्याचा खरा अर्थ मी या आजीला नंतर तोंडावर सांगू शकेन काय? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आजोबांच्या स्मृतीपुढे तिने मान लववावी, आणि मग आपल्या मोडक्यातोडक्या जपानीत सांगावे की, आजोबांसाठी मी माझ्या देवाजवळ प्रार्थना केली. हे सांगितल्याने आजी दुखावेल असे आम्हांस वाटत नाही. आपल्या माणसासाठी कोणी प्रार्थना केली तर कोणत्या घराला वाईट वाटते? एखादीच्या विवेकाला एवढेही मानवणार नाही. तिने मागे शांत उभे राहावे, आणि त्याचे कारण नम्रतेने सांगावे. मात्र जे मानत नाही ते मानते असे दाखवणे हा यजमानाचाही अपमान आहे. त्यांनी एका माणसाला घरात घेतले. आपण त्यांना मुखवटा देऊ नये.

येथे एक आक्षेप येईल: ही सारी सुखवस्तू घरांतील मुलांची गोष्ट, आपल्यापैकी कितीजणांना ती शक्य आहे? आक्षेप रास्त आहे. परंतु असे पाहुणे आपल्याकडेही येतात. तलासरी-जव्हारच्या पाड्यावरून मिशनच्या बोर्डिंगात शिकायला येणारे वारली मूल वर्षभर परक्या घरीच राहते. त्याच्या बोलीला हसू येते तेव्हा, त्याच्या देवांची टिंगल होते तेव्हा, त्याच्या ताटातील भाकरीकडे नाक मुरडले जाते तेव्हा, तेही तितकेच मुके होते. आपली मुलगी जपानमध्ये ज्या मायेची अपेक्षा करते, ती माया या मुलाला आपल्या गावात मिळते काय? पाहुण्याचा धर्म शिकलेल्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

पाहुणा होण्यात धोकाही असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. नागोया येथील योशिहिरो हात्तोरी हा १६ वर्षांचा मुलगा १९९२ साली याच अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या योजनेतून अमेरिकेतील लुइझियाना राज्यात गेला होता. १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी एका मेळाव्याला जाताना तो चुकून भलत्याच घराच्या दाराशी गेला. घरधन्याने बंदूक रोखून थांबण्यास सांगितलेला शब्द त्याला उमगला नसावा. तो पुढे आला आणि गोळीला बळी पडला. परक्या भाषेतील एक शब्द, आणि एका घराच्या मनातील भीती. त्याच्या आईवडिलांनी काय केले? बंदुकांवर निर्बंध यावेत म्हणून त्यांनी जपानमध्ये लाखो सह्या गोळा केल्या आणि १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची भेट घेतली. त्याहून विशेष म्हणजे, मुलाच्या नावाने त्यांनी एक निधी उभारला. त्यातून अमेरिकेतील शाळकरी विद्यार्थ्याने जपानमध्ये येऊन राहावे, बंदुकीवाचून जगणारा समाज पाहावा. ज्या देशाच्या दाराशी त्यांचा मुलगा गेला, त्या देशाच्या मुलांसाठी त्यांनी आपल्या देशाचे दार उघडले. हे आईवडील ख्रिस्ती नाहीत. क्षमा आणि आतिथ्य यांचे नाते त्यांनी आपल्याला शिकवावे, हेही एका अर्थी पाहुण्यासारखे नम्रतेने स्वीकारण्याचेच देणे आहे.

राहिली आईवडिलांची भीती, की मुलाची श्रद्धा तेथे टिकेल काय. जपानमध्ये कॅथलिक लोक लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहेत. रविवारी मिस्सासाठी दूरवर जावे लागेल, आणि त्याच सकाळी शाळेच्या क्रीडामंडळाचा सराव असेल. येथे गावाचा क्रूस, सण, शेजारपाजार हे सर्व मिळून मुलाला चर्चपर्यंत पोहोचवतात. तेथे त्याला एकट्याने चालावे लागेल. जेवणाआधी क्रुसाची खूण का करतेस, असे कोणी विचारील आणि उत्तर त्यालाच शोधावे लागेल. काहींना ते सापडणार नाही. मिगेलची गोष्ट आपण पाहिली. तरीही आम्हांला वाटते की, ज्या श्रद्धेला कधी कोणी प्रश्नच विचारला नाही, ती अजून त्या मुलाची झालेली नाही; ती आपली आहे आणि त्याने ती सांभाळायला घेतली आहे. म्हणून निरोप देताना बॅगेत लोणच्याच्या बरण्या भरण्याबरोबर आपण त्याला दोन गोष्टी शिकवाव्यात: अवघडून न जाता 'आभारी आहे' म्हणणे, आणि आपण काय मानतो ते चार साध्या वाक्यांत, वाद न घालता सांगणे.

आणि ते मूल परत येईल तेव्हा काही दिवस आपल्याच घरात पाहुणे असेल. दारात चपला नीट मांडून ठेवील, जेवणाआधी एक परका शब्द पुटपुटेल, तिकडच्या आजीच्या आठवणीने गप्प होईल. आपण त्याला हसू नये. त्याला विचारावे, आणि ऐकावे.

प्रत्येक मिस्साबलीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी आपण कफर्णहूमच्या शताधिपतीचे शब्द उच्चारतो. आपल्या छपराखाली येण्यास प्रभू योग्य, पण त्याला घेण्यास आपण योग्य नाही, असे त्या परक्या सैनिकाने सांगितले होते. ते शब्द यजमानाचे आहेत; पण ते बोलताना आपण स्वतः प्रभूच्या मेजावर बोलावलेले पाहुणे असतो. त्या मेजावर घेऊन जाण्यासारखे आपल्याजवळ काहीही नसते. हात पुढे करायचा आणि जे दिले जाईल ते घ्यायचे, एवढेच आपले काम असते. जे मूल वर्षभर परक्या ताटापुढे रोज तीन वेळा 'मी हे नम्रतेने स्वीकारते' असे म्हणत आले, त्याला हे पुन्हा शिकवावे लागणार नाही.